तेलाची पळी आधी खाली ठेव

‘ताई, नाताळच्या सुट्टीत परदेशातून अमळनेरला माहेरी आलेय. मुलांनी दोन दिवस कळण्याची, म्हणजे ज्वारी-उडदाच्या पिठाची, भाकरी कौतुकानं खाल्ली, आता रोज पास्ता मागतात. यांचं कोलेस्टेरॉल वाढलंय. जेवणासोबत थोडासा, हलका पास्ता घरी कसा करू? आई त्याला शेवभाजीसारखी फोडणी घालते, वरून मी चीज किसते. पास्ता मैद्याचा, म्हणून बंदच करावा का? शिवाय मुलं आजीशी इंग्रजीतच बोलतात...’

बाई गं, पत्र चांगलं दोन पानी लिहिलंस आणि खरा गुन्हेगार मधल्या एका ओळीत लपवलास. ‘शेवभाजीसारखी फोडणी’!

आपण खान्देशी माणसं. तर्री दिसली नाही तर भाजी झाली असं आपल्याला वाटतच नाही. माझ्या सासूबाई फैजपूरच्या. भरताच्या कडेनं तेल सुटलेलं दिसलं नाही, तर पाहुण्याचा मान राखला नाही असं त्यांना वाटायचं. त्यांच्या पळीत चार मोठे चमचे तेल मावायचं. एका मोठ्या चमच्यात साधारण 120 कॅलरी, म्हणजे पळीभर तेलाच्या झाल्या 480. शेतात दिवसभर राबणाऱ्याला ते पचायचं. तुझे यजमान दिवसभर खुर्चीत बसतात. आणि ‘आम्ही तिकडे ऑलिव्हचंच तेल वापरतो’ असं मला सांगू नकोस. माझी सूनही तेच सांगते. कॅलरीच्या हिशेबात शेंगदाण्याचं काय नि ऑलिव्हचं काय, सारखंच.

आता पास्त्याचा हिशेब बघ. कोरडा पास्ता 100 ग्रॅम म्हणजे सुमारे 350 कॅलरी. पण तो तुला तोंडीलावण्यापुरताच हवाय ना? मग माणशी 40 ग्रॅम पुरे, म्हणजे 140. शिजून तो दुपटीहून जास्त होतो. तीस ग्रॅम चीज किसलंस की त्यात आणखी शंभरेक कॅलरी पडल्या. बिचारा पास्ता उगाच बदनाम! मैद्याचं म्हणशील तर पाकीट उलटं करून वाच. ‘ड्युरम गव्हाचा रवा’ असेल तर खुशाल घे. आपला बन्सी गहू त्याच जातीचा.

चौघांसाठी 160 ग्रॅम पास्ता घे. दोन लिटर पाण्याला उकळी आली की दोन लहान चमचे मीठ टाक. या पाण्यात तेल घालायची पद्धत आहे, ती सोड. तेल वर तरंगतं आणि गाळताना मोरीत जातं. पाकिटावर लिहिलंय त्यापेक्षा एक मिनिट आधी उतरव आणि गाळण्याआधी वाटीभर पाणी बाजूला काढ. गाळलेला पास्ता नळाखाली धरू नकोस. आपल्याकडच्या निम्म्या बाया तो भातासारखा धुतात, मग तो कोरडा दिसतो म्हणून वरून तेल सोडतात. त्या पांढुरक्या पाण्यात पास्त्याची खळ उतरलेली असते. तिच्यामुळे थोडंसं तेलही पाण्यात मिसळून सगळ्या पास्त्याला लागतं.

भाजी गिलक्यांचीच, म्हणजे घोसाळ्यांचीच कर. बाजारात कोवळी मिळतात, तिकडे गेलीस की झुकिनी घे. अर्धा किलो गिलक्यांच्या चकत्या कर. पसरट कढईत लहान चमच्यानं मोजून दोन चमचे तेल घाल, त्यात ठेचलेला लसूण आणि एक हिरवी मिरची. आच मोठी ठेव आणि गिलक्यांवर झाकण ठेवू नकोस. मीठ शेवटी, नाहीतर पाणी सुटून लगदा होईल. चकत्यांना तांबूस डाग पडले की पास्ता, अर्धी वाटी राखलेलं पाणी आणि मूठभर कांद्याची पात. मिनिटभर जोरात हलव. पाणी आटून पास्त्यावर चकाकी येते, तेव्हा उतरव. वर भाजलेल्या दाण्यांचा भरड कूट चमचाभर. माणशी दोनशेच्या आसपास कॅलरी होतात.

आई म्हणेलच, ‘इतलासा तेलमा काय चव येई?’ वाद घालू नकोस, पहिला घास तिला दे.

हिवाळा आहे तर भरताचं वांगंही भाज. जळगावच्या भरीत वांग्याला भौगोलिक मानांकन आहे, आणि तू डब्यातला पांढरा सॉस शोधतेस! भाजून कुस्करलेला गर, लसूण, पात आणि तेच पाणी. हा सॉस मलईसारखा दाट होतो. माझा नातू क्रीम घातलंय समजून दुसऱ्यांदा मागतो. आम्ही त्याला काही सांगत नाही.

मुलांच्या इंग्रजीचं म्हणशील तर त्यांना आजीसोबत दाणे सोलायला बसव आणि तू तिथून ऊठ. तू मध्ये बसून भाषांतर करतेस म्हणून ती बोलत नाहीत. शेवटी ‘कायमचं इकडे परत यावं का’ असंही विचारलंयस. ते सुट्टीच्या शेवटच्या आठवड्यात कुणी ठरवतं का? तिकडे जा, दोन महिने जाऊ देत, मग लिही. कळण्याचं पीठ न्यायचं असेल तर त्या देशाचे नियम आधी बघ आणि दुहेरी पिशवीत बांध. आमच्या एका बॅगेतले सगळे स्वेटर पांढरे झाले होते.