लेक पुणे विद्यापीठात येतेय, रूम कुठे बघायची?

ताई, तुम्ही विचारलंय की लेक न्यू जर्सीहून पुणे विद्यापीठात एमए करायला येतेय तर औंध सेफ की बाणेर की शिवाजीनगर. खरं सांगू का, एरियाच्या नावावर जाऊ नका, तिन्ही भाग चांगलेच आहेत, तुम्ही फक्त तिचा रात्रीचा परतीचा रस्ता बघा. विद्यापीठ 411 एकरांचं आहे, जयकर लायब्ररीतून उठून गेटपर्यंत यायचं तरी बरंच चालणं होतं आणि आत झाडी दाट. त्यामुळे ब्रोकर "विद्यापीठापासून एक किलोमीटर" म्हणाला की कुठल्या गेटपासून ते विचारा, आणि ते गेट रात्री किती वाजता बंद होतं हेपण.

माझ्या भाचीचं सांगते. पीजी छान, रूम मोठी, मालकीणबाई गोड बोलणाऱ्या, आम्ही रविवारी सकाळी अकराला बघून लगेच डिपॉझिट दिलं. पण गल्ली म्हणजे एका बाजूला नुसती कंपाउंडची भिंत, एक दुकान नाही, दिवा बंद, आणि रिक्षावाला आत यायला तयार नाही, कोपऱ्यावरच उतरवायचा. पोरगी रोज फोनवर माझ्याशी बोलत बोलत ते अंतर चालायची. दोन महिन्यांत रूम सोडली, अर्धं डिपॉझिट गेलं, जाऊ दे.

शिवाजीनगरात मॉडेल कॉलनी, दीप बंगला चौकाकडे जुन्या सोसायट्या आहेत, खाली वॉचमन, गॅलरीत आजी-आजोबा बसलेले, मला तो भाग सगळ्यात आवडतो, भाडं मात्र जास्त. औंधला परिहार चौकाच्या आसपास दुकानं उशिरापर्यंत उघडी असतात, ते फार महत्त्वाचं. गोखलेनगर त्यामानाने स्वस्त, पण तिथे गल्लीगल्लीत फरक आहे, प्रत्यक्ष बघूनच घ्या. पाषाण तिथल्या एनसीएल आणि आयसर या संशोधन संस्थांवाल्यांना सोयीचं, तुमच्या लेकीला रोज बस नाहीतर रिक्षा लागेल. आणि जाहिरातीत "बाणेर" लिहिलेलं घर कधीकधी पार हायवेजवळ निघतं, आधी लोकेशन मागवा. वेताळ टेकडी, चतुःशृंगीची टेकडी सकाळी खुशाल जा, सगळं पुणं जातं, पण अंधार पडल्यावर नाही म्हणजे नाही, मैत्रीण सोबत असली तरी.

कॅम्पसवरच्या लेडीज हॉस्टेलचा अर्ज आधी टाका, मिळालं तर पहिलं वर्ष तिथेच काढू दे. नाही मिळालं तर 11 महिन्यांचं अ‍ॅग्रीमेंट रजिस्टर झालंच पाहिजे, "नोटरी चालेल" म्हणणाऱ्याला सरळ नाही म्हणा, आणि पोलीस व्हेरिफिकेशनपण करून घ्या. तिचा पासपोर्ट अमेरिकन असेल तर घरमालकाला 24 तासांत परदेशी नागरिक राहायला आल्याचा फॉर्म (पूर्वीचा फॉर्म सी) ऑनलाइन भरावा लागतो, हे त्यांना आधीच सांगून ठेवा, बरेच जण त्याला कंटाळून ऐनवेळी नाही म्हणतात. फोनमध्ये 112 हा इमर्जन्सी नंबर सेव्ह असू दे.

आणि एक करा, इथल्या कुणा नातेवाइकाला रात्री साडेनऊला त्या गल्लीत पाठवा आणि व्हिडिओ कॉल लावून चौकापासून दारापर्यंत चालत जायला सांगा. तुमच्याकडे तेव्हा दिवसाचे अकरा-बारा वाजलेले असतील, लेकीला शेजारी बसवून दोघींनी बघा. दिवे, दुकानं, कुत्री, वॉचमन जागा आहे का, सगळं दिसेल. कुणी नसेल तर मला कळवा, मी औंधातच राहते, जाऊन येईन.