परदेशी निधी मागण्याआधी

जर्मन जोडीदारांबरोबरच्या ऑनलाइन सत्रांसाठी तू लिहितोयस त्या निधीच्या अर्जाची भाषा नंतर घासू. आधी हे बघ: संस्थेला परदेशी अनुदान घ्यायचं तर एफसीआरए, २०१० (परदेशी देणग्यांचा कायदा) याखाली नोंदणी किंवा पूर्वपरवानगी लागते, आणि पैसा आधी दिल्लीच्या स्टेट बँकेच्या मुख्य शाखेतल्या खात्यात उतरतो. २०२० पासून तो दुसऱ्या संस्थेला वळवताही येत नाही. म्हणून पहिल्या वर्षी जर्मन जोडीदारांनी त्यांचा खर्च करावा, आपला आपण इथंच उभा करावा.

बजेटात इन्व्हर्टर लिहीच. अंबाजोगाईला आमच्या पहिल्याच सत्रात लाइट गेली. पंधरा पोरं एका मोबाइलवर वाकलेली! सत्राची वेळ ठरवताना ध्यानात ठेव, जर्मनीचं घड्याळ आपल्यापेक्षा उन्हाळ्यात साडेतीन तास मागे, हिवाळ्यात साडेचार. आणि सोयाबीन काढणीत सत्र ठेवू नकोस, पोरं रानात असतात. अहवालात मात्र हजेरीच मागतात.