जुना वस्तरा चमकवू की नको?

प्रश्न: आजोबांचा वस्तरा सापडलाय. पात्यावर गंज आणि काळे डाग आहेत, मूठ पिवळट प्लास्टिकसारखी आहे. ग्राइंडरला बफ (पॉलिशचं कापडी चाक) लावून चकचकीत केला तर चालेल का? दाढीला वापरायचाय.

उत्तर: अजिबात नको! बफ पातं ओढून घेतो आणि भिरकावतो, ते कुठे लागेल सांगता येत नाही. आणि धारेजवळचं पोलाद इतकं पातळ असतं की क्षणात तापतं, एकदा निळं पडलं की तिथल्या कडकपणाची वाट लागली समजा, मग कितीही घासा धार टिकणार नाही.

आधी भिंग घेऊन उजेडात नीट बघा. धारेला तडा असेल तर वस्तरा कपाटात शोभेला ठेवा, दाढी विसरा. गंजाचे खड्डे धारेला लागून असतील तरी अवघडच, कारण धार लावताना ते कडेवर येतात आणि बारीक दाते पडतात. खड्डे पाठीकडे, म्हणजे धारेच्या विरुद्ध जाड कडेला असतील तर काही बिघडत नाही.

मुठीचं मात्र मनावर घ्या. ती सेल्युलॉइडची, म्हणजे जुन्या काळच्या प्लास्टिकची असू शकते, हे विस्तवाजवळ नेऊच नका, भसकन पेटतं. शिवाय ते सडायला लागलं की आम्लाची वाफ सोडतं आणि पातं गंजतं, म्हणजे गंज नेमका मुठीत मिटणाऱ्या भागावर असेल तर चोर तिथेच आहे. अशा वेळी पिनचं डोकं कानशीने घासून मूठ काढा आणि पातं वेगळं ठेवा, नाहीतर साफ केलेलं परत गंजेल. मूठ शिंगाची, हाडाची किंवा लाकडाची निघाली तर पाण्यात भिजत घालू नका.

गंजासाठी धारेवर टेप लावा, तेल लावून रात्रभर ठेवा, मग ०००० नंबरची स्टील वूल (पोलादी तारांचा अगदी बारीक काथ्या) आणि हवं तर १००० नि २००० चा वॉटर पेपर. हात पाठीकडून धारेकडे, उलटा नाही. काळे डाग राहूद्यात की, त्याने दाढीला काही होत नाही. सोनेरी अक्षरं असतील तर त्यावर पॉलिश नको, पुसली जातील.

धार लावताना पातं दगडावर आडवं, पाठ आणि धार दोन्ही टेकलेली, कोन पाठच ठरवते. जास्तीत जास्त वेळ १००० नंबरच्या दगडावर द्या (नंबर मोठा तसा दगड बारीक), पूर्ण लांबीने हातावरचे केस कापले जाईपर्यंत पुढे जाऊ नका, मग ४०००, ८०००, जमलं तर १२०००. दगडावर धार पुढे, शेवटी चामड्याच्या पट्ट्यावर फिरवताना पाठ पुढे, उलटं केलंत तर पट्टा कापला जाईल.

प्रश्न: माझ्या वस्तऱ्यावर इंग्रजीत 'जर्मनी' कोरलंय, किती जुना असेल?

उत्तर: बहुधा १८९१ नंतरचा. अमेरिकेच्या १८९० च्या मॅकिन्ली टॅरिफ कायद्याने आयात मालावर देशाचं नाव इंग्रजीत लिहिणं सक्तीचं केलं, म्हणून तिकडे जाणाऱ्या मालावर ते कोरायला लागले. नेमकं साल यातून कळत नाही, पण त्याआधीचा म्हणून कोणी जास्त पैसे मागितले तर लगेच विश्वास ठेवू नका.