सरकारच पोखरलेलं असेल, तर ताळेबंद कशाला वाचायचा?

प्रश्न : मी वाणिज्य शाखेच्या शेवटच्या वर्षाला आहे. उदयोन्मुख बाजारपेठांत गुंतवणूक करणाऱ्या फंडासाठी संशोधन करायचं आहे. बाबा म्हणतात, जिथे सरकारच भ्रष्ट तिथे अभ्यास काय कामाचा? भ्रष्टाचार निर्देशांकात खाली असलेले देश सोडून दिले तर नाही का चालणार?

उत्तर : बाबांची शंका रास्त आहे, पण तुला पगार मिळणार आहे तो याच शंकेचं उत्तर शोधण्यासाठी.

ब्राझीलची पेट्रोब्रास घे. सरकारच्या नियंत्रणातली ही तेलकंपनी. कंत्राटदार आपसांत ठरवून चढ्या दराने कामं घ्यायचे आणि त्यातला वाटा अधिकाऱ्यांना नि राजकीय पक्षांना पोचायचा. प्रकरण २०१४ मध्ये फुटलं. एप्रिल २०१५ मध्ये कंपनीने रखडलेले हिशेब जाहीर केले, तेव्हा लाचखोरीपायी ६.२ अब्ज रेआलवर (रेआल हे ब्राझीलचं चलन) पाणी सोडलं. त्याच हिशेबांत मालमत्तांचं मूल्य मात्र ४४.६ अब्ज रेआलने खाली आणलं होतं. त्याला तेलाचे पडलेले भाव कारण होते, तसेच अर्धवट राहिलेले, अवाच्या सवा महागलेले रिफायनरी प्रकल्पही. सगळं खापर लाचेवर फोडू नकोस. पण प्रकल्प कुणाच्या सोयीसाठी काढला, हे विचारायला यातून शीक.

निर्देशांकाने हे दिसत नाही. तो काढणाऱ्या ट्रान्स्परन्सी इंटरनॅशनल या संस्थेचे ० ते १०० गुण म्हणजे तज्ज्ञ आणि उद्योजक यांचं देशाबद्दलचं मत. कुठली कंपनी सरकारी परवान्यावर जगते, ते त्यात नसतं. उलट आफ्रिकेतल्या मोझांबिकमध्ये चांगली कंपनी निवडूनही सुटका नव्हती. सरकारी हमीची अब्जावधी डॉलरची कर्जं संसदेपासून लपवलेली होती. २०१६ मध्ये ती उघडी पडली, आंतरराष्ट्रीय नाणेनिधीने मदत थांबवली, चलन कोसळलं. त्या कर्जाशी संबंध नसलेल्यांनाही झळ बसली.

तेव्हा लेखाशास्त्र पक्कं कर, विशेषतः संबंधित पक्षांशी, म्हणजे कंपनीचे मालक, संचालक किंवा त्यांच्याच इतर कंपन्यांशी झालेले व्यवहार. सीएफएची (गुंतवणूक विश्लेषकांची) परीक्षा द्यायची तर जरूर दे, पण पहिली दोन वर्षं लेखापरीक्षणात किंवा पतमानांकनात काढलीस तर मला जास्त आवडेल. जमल्यास स्पॅनिश किंवा पोर्तुगीज शीक. मूळ कागद वाचणारे थोडेच असतात.

सुरुवात आजच कर. पेट्रोब्रासच्या २०१४ च्या हिशेबांच्या टिपा इंग्रजीत मिळतात. ६.२ अब्ज हा आकडा कंत्राटांच्या रकमेवर ३ टक्के धरून काढला होता. ३ च का, ते शोध आणि मला कळव.