चार नावांची वही

"मॅडम, मुलासाठी कानाचा चांगला डॉक्टर सांगा ना." समुपदेशकाकडे हा प्रश्न कशाला येईल, असं वाटेल. पण कोल्हापुरात बसून मी तो इतक्यांदा ऐकलाय की आता नाव सांगायची घाई करत नाही. विचारणाऱ्याच्या पिशवीत बहुतेक वेळा तीन-चार नावं आधीच असतात.

सीमाच्या (नाव बदललंय) पिशवीत वही होती. मुलगा वीस महिन्यांचा. हाक मारली तर वळत नाही, "आई" म्हणत नाही. सासूबाईंचं पालुपद एकच, "याचा बापही उशिराच बोलला." चार महिन्यांत चार ठिकाणं झालेली. प्रत्येकाला वहीत एक पान: फी, अंतर, किती वेळ बसवून ठेवलं, कुणी सुचवलं. तीन पानांवर आडवी काट.

पहिल्या दोन भेटी वहीतच गेल्या. मी थोडी माहिती दिली. अंधारात चाचपडणाऱ्याला नुसतं 'तुम्हाला काय वाटतं?' विचारत बसणं मला कधीच पटलेलं नाही. कान-नाक-घशाचे डॉक्टर कान तपासतात. मळ, पडद्यामागचं पाणी, औषध, शस्त्रक्रिया हा त्यांचा प्रांत. ऐकू किती येतं ते मोजणं आणि श्रवणयंत्र जुळवून बसवणं हे ऑडिऑलॉजिस्टचं काम. लहान मुलाला दोघंही लागतात. ऑडिऑलॉजिस्टची नोंदणी भारतीय पुनर्वास परिषदेकडे असते, तो क्रमांक बेधडक विचारावा. तिने सगळं टिपून घेतलं. निर्णय मात्र होईना.

तिसऱ्या भेटीत मी वही मागून घेतली आणि काट मारण्याची कारणं वाचली. 'उद्धट.' 'फार चौकश्या.' 'नुसती घाई.'

"या चौकश्यावाल्या बाईंनी काय विचारलं होतं?"

"हेच, तुम्हाला पहिल्यांदा शंका कधी आली."

"आणि उद्धट डॉक्टरांनी?"

ती थबकली. "त्यांनीपण तेच."

"घाईवाल्यांनी?"

उत्तर आलं नाही. काट नसलेलं चौथं पान होतं श्रवणयंत्रांच्या दुकानाचं. तिथे चहा मिळाला होता, तीन मॉडेलं दाखवली होती, प्रश्न एकही विचारला नव्हता.

मी गप्प राहिले. (हे गप्प राहणं शिकायला मला दहा वर्षं लागली.)

"गेल्या दिवाळीत," ती हळूच म्हणाली, "दारात फटाक्यांची माळ लावली. शेजारचं बाळ दचकून रडायला लागलं. हा माझ्या मांडीवर झोपला होता, हललासुद्धा नाही. सगळे म्हणाले, किती शहाणं बाळ! मीही हसले. पण मला तेव्हाच कळलं होतं, मॅडम. सहा महिने मी कुणाला बोलले नाही."

माझी श्रद्धा आहे की विचारलेल्या प्रश्नाखाली एक न विचारलेला प्रश्न असतो. सीमा डॉक्टर शोधत नव्हती, न्यायाधीश चुकवत होती. 'अपराधी वाटून घेऊ नका' असलं काही मी बोलले नाही. त्याने कुणाचं वाटणं थांबत नाही. एवढंच म्हणाले, "तुम्ही जो गुन्हा म्हणून लपवताय, ती डॉक्टरांना हवी असलेली माहिती आहे. ती ज्यांनी मागितली, त्यांच्यावर तुम्ही काट मारलीत."

तेव्हापासून मी पालकांना उलटी खूण सांगते: नकोसे प्रश्न विचारणारा माणूस आधी निवडा. बाळंतपण कसं झालं, कावीळ झाली होती का, घरात कुणाला ऐकू कमी येतं का, हे विचारतो का? झोपेत केलेल्या बेरा चाचणीचा (आवाजाला कानाची नस आणि मेंदू कसा प्रतिसाद देतात ते मोजणारी चाचणी) कागद पाहून थेट यंत्राची किंमत सांगतो, की जागेपणी मूल आवाजाला कसं वळतं तेही बघतो? आणि पुढच्या वेळी तोच भेटणार का? कारण यंत्र बसवलं की काम संपत नाही. वाढत्या मुलाच्या यंत्राचा कानात बसणारा साचा वरचेवर बदलावा लागतो, यंत्राचा आवाज पुन्हा जुळवावा लागतो, वाचा-उपचार तर आठवड्यागणिक. म्हणून पुण्या-मुंबईच्या नावाजलेल्यापेक्षा तासाभरावरचा बरा. खर्चाची अडचण असेल तर जिल्हा रुग्णालयातल्या बालविकासाच्या तपासणी केंद्रात विचारावं. मुंबईला वांद्र्यात अली यावर जंग ही कमी ऐकू येणाऱ्यांसाठीची केंद्र सरकारची संस्था आहे. मात्र शोधण्यात महिने घालवू नयेत. जन्मानंतर 1 महिन्यात ऐकण्याची पहिली चाळणी-तपासणी, 3 महिन्यांत निदान, 6 महिन्यांत उपचार सुरू, असं जगभर मानलं जातं. आपल्याकडे पुष्कळदा पहिली शंकाच त्यानंतर येते.

सीमा 'फार चौकश्या' लिहिलेल्या बाईंकडेच परत गेली. त्यांनी विचारायच्या आत दिवाळीची गोष्ट सांगून टाकली. बाईंनी ती केसपेपरवर लिहून घेतली आणि विचारलं, "बेराची तारीख कधीची देऊ?"

परवा तिचा फोन आला. "साचा सैल झालाय मॅडम, सारखी शिट्टी वाजतेय. नवीन माप द्यायला निघालोय. आज गाडी मिळाली तर बरं."