डॉक्सिसायक्लिन सुरू केल्यापासून घास गिळताना छातीत दुखते. कॅप्सूल बंद करावी का?

आपण लिहिले आहे, की डॉक्टरांनी डॉक्सिसायक्लिन या अँटिबायोटिकची 100 मिलिग्रॅमची कॅप्सूल दिवसातून दोन वेळा, सात दिवसांसाठी दिली आहे. रात्रीची कॅप्सूल आपण अंथरुणावर पडता पडता घोटभर पाण्याबरोबर घेता. आणि तिसऱ्या दिवसापासून घास गिळला की छातीच्या मधोमध टोचल्यासारखे दुखते. मी फार्मासिस्ट आहे, डॉक्टर नाही, त्यामुळे निदान करणार नाही. परंतु आपली कॅप्सूल घेण्याची पद्धत वाचूनच मला दुखण्याच्या कारणाची शंका आली.

डॉक्सिसायक्लिन, विशेषतः त्याचा हायक्लेट हा प्रकार, पाण्यात विरघळला की बराच आम्लधर्मी होतो. पाणी कमी पडले किंवा माणूस लगेच आडवा झाला, तर कॅप्सूलचे जिलेटिनचे आवरण ओले होऊन अन्ननलिकेच्या भिंतीला चिकटते, तिथेच फुटते आणि आतील औषध एकाच जागी साचून त्वचा भाजावी तसे आतले अस्तर भाजते. पुढचे प्रत्येक गिळणे त्या जखमेवरून होते. म्हणून पुढचा डोस घेण्यापूर्वीच, आजच, डॉक्टरांना फोन करा. ते औषध बदलून देऊ शकतात किंवा थांबवूही शकतात. मात्र तो निर्णय त्यांना घेऊ द्या, कारण मूळ संसर्ग कोणता आहे यावर तो अवलंबून आहे. पाणीसुद्धा गिळता येत नसेल, उलटीत रक्त असेल किंवा शौच डांबरासारखे काळे होत असेल, तर फोनवर न थांबता रुग्णालय गाठा. गिळण्याशी संबंध नसलेली, हाताकडे किंवा जबड्याकडे जाणारी छातीतली कळ, दरदरून घाम किंवा धाप यांचा दोष कॅप्सूलवर टाकून घरी बसू नका.

डॉक्टरांनी हेच औषध पुढे चालू ठेवायला सांगितले, तर कॅप्सूल बसून किंवा उभ्याने, पेलाभर पाण्याबरोबर घ्या आणि त्यानंतर किमान अर्धा तास, जमल्यास तासभर, आडवे होऊ नका. रात्रीचा डोस झोपेच्या वेळेला न ठेवता संध्याकाळच्या जेवणाबरोबर घेणे सर्वांत सोपे. पोटात अन्न असले की मळमळही कमी होते. दूध या औषधाला त्याच गटातल्या टेट्रासायक्लिन या औषधाइतके मारक नाही, तरी लोहाच्या किंवा कॅल्शियमच्या गोळ्या आणि अँटासिड मात्र त्याला आतड्यातच बांधून ठेवतात, शोषू देत नाहीत. जळजळ होते म्हणून रुग्ण स्वतःच्या मनाने अँटासिड घेतो आणि अँटिबायोटिकचा परिणामच कमी करून बसतो, हे मी काउंटरवर वारंवार पाहतो. अशा औषधांत दोन-तीन तासांचे अंतर हवे. लोहाच्या बाबतीत तेही कधी कधी अपुरे पडते, म्हणून ती गोळी चालू असल्यास डॉक्टरांना सांगाच.

थोडी मळमळ, भूक मंदावणे, एखाद-दुसऱ्या वेळी पातळ शौच होणे हे त्रास सहसा औषध संपले की जातात. उन्हाचे तसे नाही. एरवी सोसवणाऱ्या उन्हातही या औषधामुळे त्वचा लाल होऊन भाजू शकते, म्हणून अंग झाकणारे कपडे आणि सनस्क्रीन वापरा. अंगावर गांधी उठल्या, ओठ किंवा जीभ सुजली, श्वास घ्यायला त्रास झाला, अथवा ताप येऊन त्वचेवर फोड आले, तर पुढचा डोस न घेता तातडीने उपचार घ्या. सतत डोके दुखणे आणि त्यासोबत दृष्टी अंधूक होणे किंवा एकाच्या दोन वस्तू दिसणे हे क्वचित घडते, पण ते कवटीच्या आतील दाब वाढल्याचे लक्षण असू शकते. मुरुमांसाठी आयसोट्रेटिनॉइन घेणाऱ्यांना हा धोका अधिक असल्याने ही दोन औषधे एकत्र देत नाहीत. वारंवार पाण्यासारखे जुलाब होत असतील, पोटात पेटके येत असतील किंवा शौचातून रक्त पडत असेल, तर जुलाब थांबवणारी गोळी परस्पर घेऊ नका. अँटिबायोटिकमुळे आतड्यातील नेहमीच्या जिवाणूंचा तोल बिघडून होणारा हा त्रास कोर्स संपल्यावर कित्येक आठवड्यांनीही सुरू होऊ शकतो. त्यामुळे तेव्हाही डॉक्टरांना आपण हे औषध घेतल्याचे आठवणीने सांगा.

एखादा डोस चुकला, तर आठवताच घ्या. पुढच्याची वेळ जवळ आली असेल, तर चुकलेला सोडून द्या, दोन एकदम घेऊ नका. काही कॅप्सूल उरल्या, तर त्या पुढच्या दुखण्यासाठी जपून ठेवू नका आणि घरातल्या दुसऱ्या कोणाला देऊही नका.

फोन करताना औषधाची पट्टी हातात असू द्या. तिच्यावर हायक्लेट लिहिले आहे की मोनोहायड्रेट हा दुसरा प्रकार, ते वाचून दाखवा. रक्त पातळ करणारे वॉरफरिन, फिट्ससाठी फेनिटॉइन किंवा कार्बामाझेपिन यांपैकी काही चालू असेल, यकृताचा आजार असेल, किंवा गर्भधारणेची शक्यता असेल, तर डॉक्टरांनी विचारण्याची वाट न पाहता तेही सांगा.