सगळ्यांसमोर मी हसतमुख असते आणि एकटी पडले की गळून जाते. हे खोटं वागणं कसं थांबवू?

तुम्ही लिहिलंय की ऑफिसात आणि मैत्रिणींत तुमच्याशिवाय गप्पांना रंग चढत नाही. एखाद्या दिवशी गप्प बसलात की लगेच "काय गं, मूड का गेलाय?" सुरू होतं, म्हणून तुम्ही परत हसायला लागता. शनिवार-रविवार मात्र रूमवर पडून राहता, आईचा फोनसुद्धा घ्यावासा वाटत नाही. आणि शेवटी विचारलंय, "मी ढोंगी आहे का?"

नाही. हे आधीच सांगून टाकते, कारण निम्मी दमणूक तुम्हाला या प्रश्नानेच झालेली दिसते.

मी स्टाफ नर्स आहे, मेडिसिन वॉर्डात. चेहरा सांभाळणं हा आमच्या कामाचाच भाग. पहाटे एका बेडवरचा पेशंट जातो, भोवती पडदे ओढलेले असतात, नातेवाईक दाराशी रडत असतात. शेजारच्या बेडवरचे आजोबा जागे होऊन विचारतात, "सिस्टर, तिकडे काय झालं?" मी त्यांच्या दंडाला बीपीचा पट्टा गुंडाळत म्हणते, "मी आहे ना इथे. हात सैल सोडा बघू." आवाज शांत ठेवते. आत काय चाललंय ते त्यांना दिसू देत नाही. याला मी खोटं म्हणणार नाही. त्या घटकेला आजोबांना माझ्या रडण्याचा काही उपयोग नसतो.

आर्ली होकशील्ड नावाच्या अमेरिकन समाजशास्त्रज्ञ बाईंनी यावर मोठा अभ्यास केला, तो १९८३ साली पुस्तकरूपाने आला. त्यांनी हवाई सुंदरींचं काम जवळून पाहिलं. प्रवासी कितीही उद्धट वागला तरी हसायचं, हे त्यांच्या नोकरीतच होतं. त्याच अभ्यासात थकीत बिलांची वसुली करणारेही होते. त्यांना राग आलेला नसताना दरडावावं लागायचं. होकशील्डना माणसांच्या तीन तऱ्हा दिसल्या. काही जण कामाशी इतके एकरूप होतात की एक दिवस पार विझून जातात. काही जण 'हे काम आणि ही मी' असा फरक करतात. ते कमी थकतात, पण मी नुसता अभिनय करते असं म्हणत स्वतःलाच टोचत राहतात. तिसरे फरकही करतात आणि स्वतःला दोषही देत नाहीत. प्रसंग पाहून चेहरा धारण करता येणं हे त्यांच्या लेखी कसब असतं. तुमचं पत्र वाचताना मला दुसऱ्या तऱ्हेच्या कितीतरी नव्या सिस्टर आठवल्या.

मात्र तुमच्यात आणि आमच्यात एक मोठा फरक आहे. माझी ड्युटी संपते. तुमची मैत्रिणींतही चालू, रूममेटसमोर चालू, आईच्या फोनवरही चालू. खरा त्रास तिथे आहे असं मला वाटतं. म्हणून 'मुखवटा फेकून दे, जशी आहेस तशी वाग' असलं कोणी सांगितलं तर ऐकू नका. सोमवारच्या मीटिंगमध्ये मन मोकळं करायची काही गरज नाही. गरज आहे ती ड्युटी संपण्याच्या एका जागेची.

ती कशी तयार होते ते मी आमच्या एका सीनियर सिस्टरांकडे पाहिलं. वॉर्डात कोणी गेलं की हॅन्डओव्हरनंतर त्या आम्हा नवीन मुलींना तशाच घरी जाऊ द्यायच्या नाहीत. ड्युटी रूमचं दार लोटून घ्यायच्या, चहा मागवायच्या आणि म्हणायच्या, "काय झालं ते पहिल्यापासून सांग." कसं वाटतंय, हे त्यांनी कधी विचारलं नाही. सलाईन कधी बदललं, डॉक्टरांना कॉल कधी केला, पेशंटचा मुलगा काय बोलला, सगळं क्रमाने सांगायला लावायच्या. सांगता सांगता कुठेतरी आपोआप आवाज फुटायचा. त्या मध्ये बोलायच्या नाहीत. बशीत चहा ओतून पुढे सरकवायच्या, बस.

तुम्हालाही मी हेच सुचवेन. एकच माणूस निवडा. 'मला आतून रिकामं वाटतंय' हे वाक्य कोणालाही जड जातं, म्हणणाऱ्यालाही आणि ऐकणाऱ्यालाही. त्याऐवजी घडलेलं सांगा: "शनिवारी दुपारपर्यंत अंथरुणातून उठले नाही. जेवणही मागवलं नाही." आणि आधीच बजावून ठेवा, "सल्ला देऊ नकोस, नुसतं ऐक." नाहीतर आपल्याकडे हमखास "एवढं काय मनाला लावून घेतेस, जरा फिरून ये" येतं आणि दार पुन्हा बंद होतं. प्रेमापोटीच येतं ते, पण बंद होतं.

मैत्रिणींत "मूड का गेलाय?" आलं की हसून वेळ मारून नेऊ नका. "मूड बरा आहे, आज ऐकायचंय मला," एवढं म्हणा आणि तिथेच बसून राहा. उठून जाऊ नका, हे महत्त्वाचं. गप्प बसलेल्या तुम्हीही त्यांच्यातल्याच आहात, हे त्यांना दोन-चार वेळा पाहू द्या. आईलाही "मजेत" न म्हणता "दमलेय गं, बोलवत नाहीये, तूच काहीतरी सांग" म्हणून बघा.

आपलं दुःख लपवलं की समोरच्याला त्रास होत नाही, असं तुम्हाला वाटतं. मलाही ही समजूत फार ओळखीची आहे. पण २००३ साली प्रसिद्ध झालेला अमेरिकेतला एक प्रयोग वेगळंच सांगतो. एकमेकींना न ओळखणाऱ्या स्त्रियांच्या जोड्यांना मन विषण्ण करणारी फिल्म दाखवली आणि मग तिच्यावर बोलायला सांगितलं. काही जोड्यांतल्या एकीला भावना चेहऱ्यावर येऊ द्यायच्या नाहीत अशी गुपचूप सूचना होती. तिच्यासमोर बसलेल्या, ज्यांना या सूचनेचा पत्ताच नव्हता, त्या बायकांचा रक्तदाब वाढला आणि त्यांची जवळीकही कमी जुळली. रोज बीपी मोजणारी मी, मला हे वाचून फार नवल वाटलं नाही. हसणाऱ्या माणसाच्या शेजारी बसूनही काहीतरी बिनसलंय हे कळतं, नेमकं काय ते कळत नाही, एवढंच.

आणखी एक. रविवारची ही मरगळ दोन आठवडे जवळजवळ रोज राहिली, झोप-भूक बिघडली, आवडीच्या गोष्टीतही मन लागेनासं झालं, तर हा प्रश्न मुखवट्याचा राहत नाही. तेव्हा मनोविकारतज्ज्ञांना दाखवा, जसं ताप उतरला नाही तर दाखवतो तसंच. आणि जगणं नकोसं वाटायला लागलं तर दोन आठवडे थांबू नका, त्याच दिवशी घरच्या कोणालातरी सांगा. सरकारची टेली-मानस ही हेल्पलाइन आहे, नंबर १४४१६. फोनला पैसे पडत नाहीत, दिवसरात्र चालू असते आणि मराठीतून बोलता येतं.